मुखदुर्गंधी : लाजेचा नव्हे, आरोग्याचा प्रश्न

सकाळची वेळ. ठाण्याहून वाशीकडे निघालेल्या लोकलच्या डब्यात पाय ठेवावयास जागा नाही. ऐरोली, रबाळे, घणसोली अशी एकेक स्थानके मागे पडत जातात आणि गर्दी वाढतच जाते. खांद्याला खांदा लागलेला असतो आणि एकाचा श्वास दुसऱ्याच्या चेहऱ्यावर येत असतो. अशा वेळी कोणी एक प्रवासी बोलावयास तोंड उघडतो आणि शेजारचा नकळत मान फिरवितो. का फिरविली, हे तो सांगत नाही, आणि बोलणाऱ्याला ते कळत नाही. मुखदुर्गंधी या व्याधीचे हेच खरे दुखणे होय. ज्याला ती असते त्याला तिची वार्ता नसते आणि ज्यांना तिचा उपद्रव होतो ते संकोचाने गप्प बसतात.

कचेरीत, शाळेत, ग्रामपंचायतीच्या बैठकीत, एवढेच काय, घरातही हीच स्थिती आढळते. एखाद्या कर्मचाऱ्याशी सहकारी तुटक वागू लागतात, एखाद्या मुलाशेजारी वर्गात कोणी बसत नाही, पतिपत्नींमध्ये अकारण दुरावा येतो. कारण साधे असते, बहुधा सहज दूर करता येण्याजोगेही असते; परंतु ते उच्चारले जात नाही. शिवाय हा दुर्गंध पुष्कळदा केवळ दुर्गंध नसतो. हिरड्यांचा जुनाट रोग, मधुमेह, क्वचित मुखाचा कर्करोग यांची ती पूर्वसूचना असू शकते. म्हणून या विषयाचा विचार लाज बाजूस सारून शास्त्रीय दृष्टीने करणे अगत्याचे आहे.

दुर्गंध कोठून येतो?

तोंडाला वास येतो तो पोट बिघडल्यामुळे, असा समज आपल्याकडे दृढ आहे. परिणामी पुष्कळ लोक वर्षानुवर्षे रेचके आणि पाचके घेत राहतात आणि वास मात्र कायम राहतो. वस्तुस्थिती अशी की, अन्ननलिका एरवी मिटलेली असते. ढेकर किंवा आम्लपित्ताचा उमाळा येईल तेवढ्यापुरताच जठरातील वास तोंडात येतो. मुखदुर्गंधीच्या सुमारे ८० ते ९० टक्के प्रकरणांत तिचे उगमस्थान खुद्द तोंडातच असते.

मानवी मुखात शेकडो जातींचे सूक्ष्म जंतू वस्ती करून असतात. त्यांपैकी काहींना प्राणवायू मानवत नाही. जिभेच्या मागील भागावरील खडबडीत पृष्ठभाग, दातांमधील फटी आणि हिरड्यांच्या कडेखालील खोबणी अशा हवा न पोहोचणाऱ्या जागी ते वाढतात. अन्नाचे कण, लाळेतील प्रथिने आणि झडलेल्या पेशी हे त्यांचे खाद्य. या प्रथिनांतील गंधकयुक्त घटकांचे विघटन झाले म्हणजे वायू निर्माण होतात. त्यांतील हायड्रोजन सल्फाइडचा वास कुजलेल्या अंड्यासारखा आणि मिथाइल मरकॅप्टनचा वास सडलेल्या कोबीसारखा असतो. हेच वायू श्वासाबरोबर बाहेर पडतात. म्हणजे बंद गटारात जी क्रिया घडते, तीच अगदी अल्प प्रमाणावर अस्वच्छ मुखात घडत असते.

या क्रियेस पायबंद घालण्याची व्यवस्था निसर्गानेच केली आहे, ती म्हणजे लाळ. दिवसभरात सुमारे अर्धा ते दीड लिटर लाळ स्रवते आणि ती तोंड सतत धूत असते. झोपेत हा स्राव अत्यंत कमी होतो. सकाळी उठल्यावर जवळजवळ प्रत्येकाच्याच तोंडास वास येतो तो यामुळे. दात घासून, चूळ भरून, न्याहारी केल्यावर तो जातो. तो रोग नव्हे. एकादशीचा निर्जळी उपवास, रमजानचा रोजा, तासन्‌तास केलेले अध्यापन किंवा भाषण, तोंडाने श्वास घेण्याची सवय, या सर्वांमुळे तोंड कोरडे पडते व वास वाढतो. रक्तदाब, अ‍ॅलर्जी आणि मानसिक विकार यांवरील काही औषधांमुळेही लाळ आटते. अशा वेळी औषध परस्पर बंद न करता डॉक्टरांना तसे सांगावे.

जुने ज्ञान, नवे संशोधन

मुखशुद्धीचा विचार भारतीयांना नवा नाही. चरकसंहितेतील दिनचर्येच्या वर्णनात दात घासण्यासाठी करंज, रुई, अर्जुन इत्यादी वृक्षांच्या काड्या सांगितल्या आहेत. सोने, रुपे, तांबे इत्यादी धातूंच्या पट्टीने जीभ खरवडावी, असेही तेथे सांगितले असून, जिभेच्या मुळाशी साचलेला मळ दुर्गंध निर्माण करतो, हे निरीक्षणही त्यात आहे. आपल्या आजी-आजोबांच्या घरी न्हाणीच्या कोनाड्यात असणारी तांब्याची पट्टी ही त्याच परंपरेतील होय. प्लॅस्टिकचा ब्रश आला आणि ही पट्टी मात्र अनेक घरांतून नाहीशी झाली, हे आपले दुर्दैव.

१६८३ मध्ये हॉलंडमधील अँटोनी व्हॅन लेव्हेनहूक याने दातांवरील पांढरट थर स्वतः बनविलेल्या सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला आणि त्यात वळवळणारे जीव पाहून तो चकित झाला. दुर्गंधीच्या वायूंचा उलगडा होण्यास मात्र विसावे शतक उजाडावे लागले. कॅनडातील ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठातील जोसेफ टॉन्झेटिच यांनी १९६० व १९७० च्या दशकांत गंधकयुक्त वायूंचे पृथक्करण करून दाखविले आणि या विषयास प्रयोगशाळेचा आधार मिळाला. तत्पूर्वीच, १९२० च्या दशकात, अमेरिकेत ‘लिस्टरीन’ या द्रावणाच्या जाहिरातदारांनी मुखदुर्गंधीच्या भीतीचे मोठे भांडवल केले होते. माणसाच्या संकोचावर व्यापार चालतो, याचे ते ठळक उदाहरण ठरले. सुगंधी द्रावणांच्या आजच्या जाहिराती पाहताना हा इतिहास ध्यानात ठेवलेला बरा.

जेवण दोषी नव्हे

नवी मुंबईत मूळची आगरी व कोळी वस्ती मोठी आहे. १९७० मध्ये ‘सिडको’ची स्थापना होऊन ठाणे, पनवेल व उरण परिसरातील ९५ गावांच्या भूमीवर हे नगर उभे राहिले. दिवाळे, सारसोळे, करावे अशा गावांत मासे आणि लसूण यांवाचून जेवण पुरे होत नाही. तुर्भ्याच्या घाऊक बाजारातील कांदा आणि लसूण तर साऱ्या महानगराच्या स्वयंपाकघरात जातो. तेव्हा अमुक लोक अमुक खातात म्हणून त्यांच्या तोंडाला वास येतो, असे बोलणे सहज कानी पडते. ते अन्यायाचे आहे.

लसूण खाल्ल्यावर वास येतो हे खरे. त्यातील एक गंधकयुक्त द्रव्य रक्तात शोषले जाते आणि फुप्फुसांवाटे श्वासात उतरते. म्हणूनच लगेच दात घासले तरी तो वास पूर्णपणे जात नाही. परंतु तो काही तासांचा, फार तर एका दिवसाचा पाहुणा. त्याचा मुखाच्या आरोग्याशी संबंध नाही. जो वास महिनोन्‌महिने टिकतो, तो ताटातून आलेला नसतो, तर दात, हिरड्या आणि जीभ यांच्या अस्वच्छतेतून आलेला असतो.

किटण आणि हिरड्यांचा रोग

दातांवर जमणारा मऊ थर वेळीच निघाला नाही, तर लाळेतील क्षारांमुळे तो कठीण होतो. यालाच आपण किटण म्हणतो. ते ब्रशने निघत नाही. त्यामुळे हिरड्या सुजतात, त्यांतून रक्त येते, त्या दातांपासून सुटू लागतात आणि तयार झालेल्या खोबणीत जंतूंना आयते घर मिळते. पुढे दाताचे हाड झिजून दात हलू लागतो. बोलीत ‘पायरिया’ म्हणतात तो हाच रोग. यात वेदना फारशा नसतात, म्हणून रोगी उशिरा येतो. दुर्गंध हे पुष्कळदा त्याचे पहिले लक्षण असते.

येथे दोन गैरसमज दूर करणे अवश्य आहे. रक्त येते म्हणून अनेक जण दात घासणे सोडून देतात. त्यामुळे रोग बळावतो. दुसरा समज असा की, दंतवैद्याकडून दात साफ करून घेतल्यास ते ढिले होतात. किटण निघाल्यावर फटी मोकळ्या जाणवतात एवढेच. दात ढिले केले ते किटणाने, साफसफाईने नव्हे.

मशेरी, तंबाखू आणि सुपारी

महाराष्ट्रापुरता विचार करता मुखदुर्गंधीचा प्रश्न तंबाखूपासून वेगळा काढता येत नाही. २०१६-१७ च्या जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणानुसार राज्यातील २६.६ टक्के प्रौढ व्यक्ती कोणत्या ना कोणत्या रूपात तंबाखूचे सेवन करीत होत्या. त्यात धूम्रपान करणारे अवघे ३.८ टक्के, तर तंबाखू खाणारे, चघळणारे किंवा दातांना लावणारे २४.४ टक्के होते. म्हणजे आपल्याकडे तंबाखूचा मुख्य मारा फुप्फुसांआधी तोंडावर होतो.

यांत मशेरीचा उल्लेख वेगळा केला पाहिजे. तव्यावर काळी होईपर्यंत भाजलेल्या तंबाखूची ही पूड दात घासण्याच्या निमित्ताने हिरड्यांवर चोळली जाते. कोकणात आणि पश्चिम महाराष्ट्रात अनेक स्त्रिया ती दिवसातून दोन-तीन वेळा लावतात आणि आपण तंबाखू खातो असे त्यांना वाटतही नाही. दात स्वच्छ होतात, दुखणे थांबते, शौचास साफ होते, अशी कारणे दिली जातात. खरे पाहता हिरड्यांतून निकोटीन रक्तात जाते आणि जडते ते व्यसन. तंबाखूयुक्त दंतमंजनावर केंद्र शासनाने १९९२ मध्येच बंदी घातली. परंतु घरच्या तव्यावर भाजल्या जाणाऱ्या मशेरीपर्यंत कोणताही कायदा पोहोचत नाही. तेथे आशा कार्यकर्ती, शिक्षिका किंवा महिला पंचायत सदस्य यांचा शब्दच पोहोचू शकतो.

तंबाखूने तोंड कोरडे पडते, हिरड्या खराब होतात, आणि वास घेण्याची व चव ओळखण्याची शक्ती मंद होते. त्यामुळे स्वतःच्या तोंडाचा वास खाणाऱ्याला कळेनासा होतो. सुपारीही निरुपद्रवी नाही. तिच्या दीर्घ सेवनाने गालाची आतली त्वचा कडक होत जाऊन तोंड उघडणे कठीण होते आणि ही अवस्था कर्करोगाची पूर्वपीठिका ठरू शकते. राज्यात २०१२ पासून गुटखा व पानमसाला यांवर बंदी आहे. तरीही पुड्या दिसतात, ही गोष्ट आपणा सर्वांनाच विचार करावयास लावणारी आहे. नवी मुंबईतील खारघर येथे टाटा स्मारक केंद्राची ‘अ‍ॅक्ट्रेक’ ही कर्करोग उपचार व संशोधनाची संस्था आहे. तेथवर जाण्याची वेळ येऊ नये, हीच खरी मुखस्वच्छतेची फलश्रुती.

केव्हा सावध व्हावे?

काही वास तोंडाबाहेरील आजारांची वर्दी देतात. मधुमेही व्यक्तीच्या श्वासास पिकलेल्या फळासारखा किंवा नखांच्या रंगाच्या द्रावणासारखा वास येऊ लागला, सोबत उलट्या, धाप वा गुंगी असली, तर क्षणाचाही विलंब न करता रुग्णालय गाठावे. मूत्रपिंडे निकामी होत असल्यास अमोनियासारखा वास येतो. यकृताच्या गंभीर विकारातही श्वासास वेगळाच कुबट वास येतो. नाकाजवळील पोकळ्यांची सूज, घशातील गाठींत साचणारे पिवळट खडे, फुप्फुसातील पू हीदेखील कारणे आहेत. लहान मुलाच्या एकाच नाकपुडीतून घाण स्राव व दुर्गंध येत असेल, तर मणी, बी, खडू यांसारखी वस्तू आत अडकली असण्याचा संभव असतो. दोन आठवड्यांत बरा न होणारा तोंडातील व्रण, पांढरा किंवा लाल चट्टा, कमी उघडणारे तोंड, यांची तपासणी त्वरित करून घ्यावी.

याच्या उलटही एक प्रकार आहे. काही व्यक्तींना वास मुळीच नसताना तो आहे, अशी भीती ग्रासते. समोरच्याने नाकाला हात लावला तरी त्यांचा समज पक्का होतो. दंतवैद्याने निर्वाळा देऊनही भीती जात नसेल, तर मानसोपचारतज्ज्ञांचे साह्य घेण्यात कमीपणा नाही.

स्वतःची परीक्षा

आपल्याच श्वासाचा वास आपणास येत नाही, कारण नाक त्यास सरावलेले असते. ओंजळीत फुंकर मारून फारसे कळत नाही. मनगटाची आतली बाजू जिभेने ओली करून ती वाळल्यावर हुंगावी, किंवा चमच्याच्या कडेने जिभेचा मागचा भाग हलकेच खरवडून तो थर हुंगावा. यावरून काहीसा अंदाज येतो. पण सर्वांत भरवशाचा उपाय म्हणजे घरातील विश्वासाच्या माणसास स्पष्ट विचारणे. पत्नीने पतीस, मुलाने वडिलांस हे मोकळेपणाने सांगावे आणि ऐकणाऱ्याने राग मानू नये.

निवारणाचे मार्ग

उपाय खर्चाचे नाहीत; नियमितपणाचे आहेत.

१. दिवसातून दोन वेळा, सकाळी आणि रात्री झोपण्यापूर्वी, मऊ ब्रशने व फ्लोराइडयुक्त पेस्टने सुमारे दोन मिनिटे दात घासावेत. यांतही रात्रीचे घासणे अधिक महत्त्वाचे, कारण झोपेत लाळेचे संरक्षण नसते. ब्रशचे केस वाकले की, साधारण तीन महिन्यांनी, तो बदलावा.

२. रोज सकाळी जीभ मागून पुढे हलक्या हाताने खरवडावी. तांब्याची अथवा स्टीलची पट्टी यासाठी उत्तम. रक्त येईपर्यंत घासू नये.

३. दातांच्या फटींत ब्रश पोहोचत नाही. तेथे दंतधागा किंवा फटींसाठी मिळणारा बारीक ब्रश वापरावा. टाचणी, काडेपेटीची काडी यांचा वापर टाळावा.

४. प्रत्येक खाण्यानंतर खळखळून चूळ भरावी आणि दिवसभर पुरेसे पाणी प्यावे.

५. राखुंडी, कोळसा, विटेची पूड यांनी दातांचे कवच झिजते. त्यांचा वापर सोडावा. कडुनिंबाची किंवा बाभळीची काडी वापरावयाची असल्यास ती चांगली चावून मऊ करावी व हिरड्यांना इजा होऊ देऊ नये.

६. कवळी रात्री काढून, घासून, स्वच्छ पाण्यात ठेवावी. वृद्धांच्या बाबतीत हे काम घरातील कोणी तरी आपणहून पाहावे.

७. वर्षातून किमान एकदा दंतवैद्याकडून तपासणी करून घ्यावी आणि किटण असल्यास काढवून घ्यावे. नवी मुंबई व परिसरात नेरूळ येथे डॉ. डी. वाय. पाटील व तेरणा, कामोठे येथे एम.जी.एम. आणि खारघर येथे वाय.एम.टी. अशी दंत महाविद्यालये आहेत. अशा महाविद्यालयांच्या बाह्यरुग्ण विभागांत अनुभवी अध्यापकांच्या देखरेखीखाली विद्यार्थी उपचार करतात.

८. तंबाखू सोडण्यासाठी १८००-११२-३५६ या राष्ट्रीय निःशुल्क दूरध्वनीवर समुपदेशन मिळते.

बडीशेप, वेलदोडा, लवंग यांनी तोंडास क्षणभर सुवास येतो आणि चघळल्याने लाळही सुटते. परंतु तो उपचार नव्हे. कचऱ्याच्या ढिगावर अत्तर शिंपडल्याने कचरा नाहीसा होत नाही. बाजारातील द्रावणांचेही तसेच. मद्यार्कयुक्त द्रावणाने तोंड अधिकच कोरडे पडू शकते. क्लोरहेक्झिडिनयुक्त द्रावण उपयोगी आहे, पण दीर्घकाळ वापरल्यास दातांवर डाग पडतात. ते दंतवैद्याच्या सल्ल्याने व मर्यादित काळच वापरावे.

आपले कर्तव्य

शिक्षकांचे स्थान या कामी सर्वांत मोलाचे आहे. वर्गातील एखाद्या मुलाच्या तोंडास वास येत असेल, तर त्याला चारचौघांत बोलणे किंवा मागच्या बाकावर बसविणे हा उपाय नव्हे. ती शिक्षा आहे, आणि ती निरपराधास होते. त्याच्या तोंडात किडलेला दात असेल, नाक चोंदल्यामुळे ते मूल तोंडाने श्वास घेत असेल, किंवा घरी त्याच्यासाठी वेगळा ब्रशच नसेल. त्यास एकांतात, मायेने विचारावे; पालकांशी बोलावे. ६ फेब्रुवारी २०१३ रोजी पालघर येथून आरंभ झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाखाली आरोग्य पथके शाळांत येऊन मुलांची तपासणी करतात व तीत दातांचाही समावेश आहे. पथक येईल त्या दिवशी हे मूल गैरहजर राहणार नाही, एवढी दक्षता शिक्षकाने घेतली तरी पुष्कळ. शाळेपासून १०० यार्डांच्या आत तंबाखूची विक्री कायद्याने निषिद्ध आहे, याचीही आठवण दुकानदारास करून द्यावी.

पंचायत सदस्यांनी गावाच्या आरोग्य, पोषण, पाणीपुरवठा व स्वच्छता समितीच्या बैठकीत मशेरीचा विषय काढावा. मे २०२३ मध्ये राज्य शासनाने ‘स्वच्छ मुख अभियान’ हाती घेऊन श्री. सचिन तेंडुलकर यांना त्याचे सदिच्छादूत नेमले. अशा अभियानाचा संदेश गावोगाव नेण्यासाठी हळदीकुंकू, बचतगटाची सभा, जत्रा यांसारखे प्रसंग उपयोगी पडतील. अधिकाऱ्यांनी आपल्या कचेरीतील सहकाऱ्याविषयी मागे कुजबुज होऊ न देता त्याला खासगीत सांगावे. सांगताना ‘लोक म्हणतात’ असे न म्हणता ‘मला जाणवले, एकदा दंतवैद्यास दाखवा’ असे म्हटले, तर त्याचा मान राहतो आणि काम होते.

नवी मुंबई हे शहर स्वच्छतेबद्दल देशात नावाजले जाते. २०२० च्या स्वच्छ सर्वेक्षणात त्याने देशात तिसरा क्रमांक मिळविला. रस्ते, गटारे आणि कचराकुंड्या यांची स्वच्छता आपण सार्वजनिक कार्य मानतो. तोंडाची स्वच्छता मात्र ज्याची त्याने पाहावयाची खासगी बाब समजतो. ही सीमारेषा तितकीशी खरी नाही. एका माणसाच्या मौनामुळे दुसऱ्याचा रोग लपून राहतो, आणि योग्य वेळी उच्चारलेल्या एका शब्दाने तो उघडकीस येऊन बरा होऊ शकतो. आपल्या जवळच्या माणसाला तो शब्द सांगण्याचे धैर्य आणि आपल्याला कोणी सांगितल्यास ते ऐकून घेण्याची खिलाडू वृत्ती, एवढे जरी अंगी बाणले, तरी या व्याधीचे अर्धे निवारण झाले असे समजावे. उरलेले अर्धे काम ब्रश, तांब्याची पट्टी आणि तांब्याभर पाणी करील.